दहा इंच पुढे, आठ इंच मागे

ऑगस्टच्या चार शनिवारांत आर्डिस लिंडविग झास्ट्रोच्या धनुष्यबाणांच्या दुकानात पाच वेळा गेली. पाचव्या खेपेला तिच्या हातात धनुष्य होतं, काखेत आलेखाच्या कागदांची गुंडाळी होती आणि कोटाच्या खिशात स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा होता. तिला दारातून आत येताना पाहून झास्ट्रोने कॉफीचा मग खाली ठेवला आणि दुकानातल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाला म्हणाला, "तुला काही घ्यायचं असेल तर आत्ता घे बाबा. आता माझी दुपार गेली."

गिऱ्हाइकाने बाणांची पाती घेतली आणि तो निघून गेला. जाताना त्याने आर्डिसकडे पाहून टोपीला हात लावला, तो आदराने की सहानुभूतीने, हे तिला कळलं नाही.

"आठ इंची घे," झास्ट्रो म्हणाला. "टोकाला सहा औंस लाव. जंगलात जा."

"आठच का?"

"कारण माझ्याकडे आठ इंचीच्या सात पडून आहेत."

"हे कारण नाही झालं, ड्वेन."

"धंद्यात हेच कारण असतं."

वस्तू म्हटली तर अगदी साधी. धनुष्याच्या मुठीखाली, पुढच्या अंगाला स्क्रूने बसणारी कार्बनची पोकळ दांडी आणि तिच्या टोकाला पोलादी चकत्या. तिला सगळे स्टॅबिलायझर म्हणतात. दोरी ओढून उभं राहिलं की नेमाची पिन लक्ष्यावर माशीसारखी भिरभिरते. दांडी लावली की माशी मरत नाही, फक्त जरा आळशी होते. एवढंच तिचं काम. पण दांडी किती लांब, वजन किती, मागच्या बाजूला तोलाला दुसरी दांडी लावायची की नाही, लावली तर कोणत्या कोनात, असे प्रश्न एकदा पडायला लागले की पडतच राहतात. आणि आर्डिस चीज कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली सव्वीस वर्षं दुधातली चरबी मोजत होती. प्रश्न पडला की तो मोजायचा, एवढं एकच तिला येत होतं.

तिने गुंडाळी काउंटरवर पसरली. "हे बघ. वजन गुणिले अंतराचा वर्ग. आठ इंचावर सहा औंस म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी. दहा इंचावर चारच औंस, तरी चारशे. म्हणजे वजन कमी आणि स्थिरता जास्त."

"वर्ग मी सातवीनंतर सोडला," झास्ट्रो म्हणाला. "आणि ही वेडीवाकडी रेघोटी काय? भूकंप?"

"हा माझा हात आहे."

हे खरं होतं. तिने तळघरात धनुष्याला लेझरचा छोटा दिवा बांधला होता. समोरच्या भिंतीवर आलेखाचा कागद लावून, दोरी ओढून, लाल ठिपका कुठेकुठे भटकतो ते ती फोनवर टिपत असे. सहा इंची, आठ इंची, दहा इंची, बारा इंची. प्रत्येकीचे वीस प्रयत्न. सकाळी आणि संध्याकाळी वेगळे. कॉफीआधी आणि कॉफीनंतर वेगळे. कॉफीचा परिणाम दांडीपेक्षा मोठा निघाला होता, पण तो तक्ता तिने दुकानात आणला नव्हता. कॉफी सोडणं हा काही पर्याय नव्हता.

"दहा इंची माझ्याकडे एकच आहे," झास्ट्रो उसासा टाकून म्हणाला. "थांब, काढतो. पण आर्डिस, एक विचारू? हरीण वीस यार्डांवर येतं. तिथे तू पाव डोक्याने मारलंस तरी लागतं."

आर्डिसने कागद गुंडाळायला घेतले. "मागच्या वर्षी अठरा यार्डांवर होतं," ती म्हणाली.

गावात सगळ्यांना माहीत होतं. झास्ट्रो शिडीवर चढला, वरच्या फळीवरून दहा इंची दांडी काढली आणि स्वतःच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसून तिच्या हातात दिली.

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. अठरा यार्डांवर एक हरिणी उभी होती. पिन तिच्या फासळ्यांवरून भिरभिरत गेली, आणि जाता जाता आर्डिसने घाईने दोरी सोडायचा, मनगटावरचा चाप दाबला. बाण मागे, पोटात लागला. पा, भाऊ वेंडेल आणि ती असे तिघे दोन दिवस दलदलीतून वाकून, काही ठिकाणी गुडघ्यांवर, रक्ताचे थेंब शोधत होते. पा म्हणजे तिचा बाप ऑर्विल. तेव्हा तो ऐंशीचा होता आणि दलदलीत जाऊ नको असं डॉक्टरने त्याला दोनदा सांगितलं होतं. हरिणी तिसऱ्या दिवशी सापडली. म्हणजे त्यांनी नाही, डोमकावळ्यांनी शोधून दिली.

लिंडविगांच्या जंगलातल्या खोपटात एक भिंत आहे. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, त्यावर नाव, तारीख आणि काय चुकलं ते लिहायचं आणि भिंतीला खिळ्याने ठोकायचं. त्या भागातल्या बहुतेक खोपटांत अशी भिंत असते. लिंडविगांच्या भिंतीवर चौकड्यांचे एकतीस तुकडे आहेत. त्यांतले अकरा एकट्या आर्डिसचे. एक तर तिच्या लग्नातल्या पाहुण्याचा आहे, ज्याने मुळात बाण मारलाच नव्हता.

पण जखमी करून हरवलेल्या हरणासाठी शेपूट कापत नाहीत. त्याची थट्टा नसते. मागच्या वर्षी कुणी कात्री काढली नाही. तिचा धाकटा भाऊ वेंडेल, जो आईच्या प्रेतयात्रेतही पाद्रीबाबाच्या टोपाबद्दल कुजबुजला होता, तो त्या दिवसापासून आर्डिसशी सभ्यपणे वागायला लागला. "मीठ देतेस का, आर्डिस?" "धन्यवाद, आर्डिस." नाताळात त्याने तिच्या केकची स्तुती केली. तो केक खालून जळला होता. वर्षभर हे चाललं. आर्डिसला वाटे, त्याने एकदा तोंडावर काहीतरी टोचून बोलावं, म्हणजे सुटले. पण तो मीठ मागत राहिला.

सप्टेंबरमध्ये तिने पाला सांगितलं, "यंदा एकच बाण. तो नीट लागला तर ठीक. नाही लागला तर धनुष्य झास्ट्रोच्या भिंतीला, विकायला."

पा खुर्चीत बसून मक्याची कणसं सोलत होता. "आणि मग खोपटात येऊन करणार काय?"

"स्वयंपाक."

पाने कणीस खाली ठेवलं आणि बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. "मग नीट नेम धर," तो म्हणाला. "माझी फार वर्षं राहिली नाहीत. ती तरी बरी जाऊ देत."

पाचं स्वतःचं धनुष्य खोपटाच्या दारावर टांगलेलं होतं. साधं, लाकडाचं, ना आर्डिसच्यासारखी दोरीची चाकं ना पिन. मुठीच्या जरा खाली काळ्या चिकटपट्टीने ट्रॅक्टरचा एक बोल्ट गुंडाळलेला. हे त्याचं स्टॅबिलायझर. साठ सालापासूनचं. कुणी का लावलास विचारलं तर तो म्हणे, "बरं वाटतं."

एका रविवारी पा झोपलेला असताना आर्डिसने ते धनुष्य उतरवलं, चिकटपट्टी हळूच सोडवली आणि बोल्ट खिशातल्या काट्यावर ठेवला. साडेसात औंस. मुठीपासूनचं अंतर मोजलं, पावणेदोन इंच. वहीत गणित मांडलं. उत्तर तेवीस आलं. तिच्या चारशेसमोर तेवीस. शास्त्राच्या दृष्टीने त्या बोल्टचा उपयोग जवळजवळ शून्य होता. या शून्याच्या जोरावर पाने एक्केचाळीस हरणं घरी आणली होती आणि एकही हरवलं नव्हतं.

सव्वीस वर्षांत प्रयोगशाळेच्या वहीतून आर्डिसने एकही पान फाडलं नव्हतं. हे फाडलं.

राहिली मागची दांडी. ती का लागते, तर भात्यामुळे. शिकारीच्या धनुष्याला उजव्या अंगाला भाता अडकवलेला असतो, त्यात पाच बाण. त्यांच्या वजनाने धनुष्य उजवीकडे कलतं. नेमाच्या पिनेखाली गवंड्याच्या पाणसळीसारखी इवलीशी पाणसळ असते. धनुष्य सरळ असलं की तिच्यातला बुडबुडा मधोमध राहतो, कललं की बाजूला पळतो. आर्डिसने बुडबुडा मधोमध आणायचा चंग बांधला. डाव्या अंगाला, मागे वळवलेली, आठ इंची दुसरी दांडी लावली. टोकाला तीन औंस लावले तर बुडबुडा केसभर डावीकडे. चार लावले तर केसभर उजवीकडे. साडेतीनची चकती मिळत नाही. तिने चौथ्या औंसाची चकती कारखान्याच्या वर्कशॉपात नेऊन घासली, मोजली, पुन्हा घासली. वर्कशॉपातल्या माणसाने विचारलं, "कशासाठी?" ती म्हणाली, "तोलासाठी." त्याला वाटलं प्रयोगशाळेचं काम आहे आणि त्याने तिला नवी कानस दिली. आर्डिसने त्याचा गैरसमज दूर केला नाही. पुढे आठवडाभर तिला याची लाज वाटत होती.

ऑक्टोबरच्या मध्याला जमलं. दहा इंच पुढे, आठ इंच मागे, कोन तीस अंश. डोळे मिटून दोरी ओढायची, डोळे उघडायचे, बुडबुडा मधोमध. शंभरातून सत्त्याण्णव वेळा. उरलेल्या तीन वेळा तिला शिंक आली होती. धनुष्य आता एखाद्या टीव्हीच्या अँटेनासारखं दिसत होतं. मोटारीच्या मागच्या सीटवर ते आडवं मावेना, म्हणून तिने पुढची सीट मागे पाडून त्याला बसवलं आणि सीटबेल्टही लावला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी तिघे खोपटात जमले. लिंडविगांचा नियम असा की मोसमाच्या आदल्या दुपारी प्रत्येकाने पंचवीस यार्डांवरच्या कागदी प्लेटवर तीन बाण मारायचे. तिन्ही लागले तरच उद्या मचाणावर जायचं. वेंडेलने आधी मारले. त्याने नेहमीच्या सवयीने भाता काढून मेजावर ठेवला, उभा राहिला, तीन बाण मारले. तिन्ही प्लेटमध्ये, पण एक वर, एक खाली, एक अगदी कडेला. आर्डिस मनात म्हणाली, बघा, भाता काढून मारतोय. याला तोल म्हणजे काय याची कल्पनाच नाही.

मग ती उभी राहिली. भाता जागेवर, पाच बाण जागेवर, दोन्ही दांड्या जागेवर. सरावाचे तीन वेगळे बाण. तिन्ही प्लेटच्या मध्यात, इतके जवळ की एकाचं पीस दुसऱ्याने सोलून काढलं.

पा दारातल्या खुर्चीतून म्हणाला, "अरे वा."

वेंडेलने प्लेट पाहिली, धनुष्य पाहिलं, अँटेनासारख्या दांड्या पाहिल्या. आर्डिस वाट पाहत होती. या अँटेनावर कुठला चॅनेल लागतो, एवढं जरी तो म्हणाला असता तरी तिने त्याला मिठी मारली असती.

"छान, आर्डिस," वेंडेल म्हणाला. "खूप छान."

आणि तो लाकडं फोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आर्डिस दलदलीच्या काठच्या शिडीच्या मचाणावर चढली. शिडीला चौदा पायऱ्या. वर जाऊन तिने छातीचा पट्टा झाडाला बांधला, दोरीने धनुष्य वर ओढून घेतलं, भाता सोडवून खोडातल्या हुकाला टांगला, एक बाण दोरीला लावला आणि मांडीवर धनुष्य घेऊन बसली. हे सगळं तिचे हात अंधारात आपले आपण करत होते. तीस वर्षं करत आले होते.

हळूहळू दिसायला लागलं. आधी राखाडी, मग ओकच्या खोडांच्या कडा, मग खाली गवतावरचं दहिवर. श्वासाची वाफ समोर जाऊन विरत होती. वारा तोंडावर, म्हणजे उत्तम. सगळं कसं व्यवस्थित होतं. अशा वेळी एकदा दोरी ओढून पाहायची असते, थंडीत स्नायू आखडलेत का ते कळतं. आर्डिस हळूच उभी राहिली आणि तिने दोरी ओढली.

बुडबुडा नव्हता.

म्हणजे होता, पण पार उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला होता, जेवणाच्या पंगतीत न विचारलेल्या पाहुण्यासारखा. तिने मनगट वळवून त्याला मध्ये आणलं. सोडलं की पुन्हा कोपऱ्यात. दोरी परत नेली. पाणसळ गोठली, हा तिचा पहिला विचार. त्यात अल्कोहोल असतं, ते या थंडीत गोठत नाही, हा दुसरा. चढताना काहीतरी आपटलं असेल, हा तिसरा. तिने स्क्रू चाचपले. सगळे घट्ट. पुन्हा दोरी ओढली. पुन्हा कोपरा.

मग तिची नजर सरळ समोर गेली. खोडाच्या हुकावर, हाताच्या अंतरावर, चार बाणांचा भाता शांतपणे लटकत होता.

आर्डिसने दोरी परत नेली आणि खाली बसली.

दहा आठवडे. चार लांबीच्या दांड्या. शेकडो प्रयत्न, कॉफीआधी आणि कॉफीनंतर. कानशीने घासलेली चकती. आणि हे सगळं भाता लावलेल्या धनुष्यावर. मचाणावर चढलं की भाता काढून हुकाला टांगायचा, नाहीतर बाणांची पिसं कठड्याला घासतात, हे तिला पाने ती वीस वर्षांची असताना शिकवलं होतं. तेव्हापासून एकदाही तिने भाता लावून मचाणावरून बाण मारला नव्हता. या भागात कुणीच मारत नाही. दुधात पाणी किती हे अर्ध्या टक्क्यापर्यंत सांगणाऱ्या बाईने दहा आठवडे बादलीसकट दूध तोललं होतं.

साधा उपाय होता. हात लांब करायचा, भाता काढायचा, धनुष्याला लावायचा. दोन सेकंदांचं काम. ज्याचं शिक्षण बारावीला थांबलं आहे अशा कुणीही ते केलं असतं. आर्डिस एम.एस्सी. होती. तिला वाटलं, तोल पाच बाणांवर जमवला होता. आता भात्यात चारच आहेत, पाचवा दोरीला. एक बाण म्हणजे एक औंस. म्हणजे चूक राहीलच, फक्त थोडी. त्यापेक्षा मुळातच जाऊ. मागची दांडी भात्याच्या तोलाला लावली होती. भाता नाही तर दांडीही नको. दोन्ही बाजू शून्य केल्या की समीकरण पुन्हा जुळतं. हे इतकं नीटस होतं की तिला मनातल्या मनात बरंही वाटलं.

तिने बाण काढून ठेवला, किल्ल्यांच्या जुडग्यातली ॲलन की काढली, हातमोजा दातांनी ओढला आणि स्क्रू फिरवायला लागली. बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. तीन वेढे, चार वेढे. पाचव्या वेढ्याला दांडी सुटली. हातात यायच्या ऐवजी खाली.

पोकळ कार्बनची नळी, टोकाला पोलाद, आणि खाली चौदा पायऱ्यांची शिडी. टक्. टकटक्. टकाटक्. टक्. मध्ये एका पायरीवर ती क्षणभर अडकली, विचार केल्यासारखी थांबली, आणि पुन्हा निघाली. टकटक्, टक्. मग खाली पाचोळ्यात धप्प.

सगळं जंगल गप्प झालं. मग शेजारच्या झाडावरची खार तिला शिव्या द्यायला लागली, आणि देतच राहिली. आर्डिसला तिचा प्रत्येक शब्द पटला.

दलदलीच्या पलीकडे, तीनशे पावलांवर, वेंडेलचं मचाण होतं. तिथपर्यंत आवाज नक्की गेला असणार. एक मैलापर्यंतची सगळी हरणं आता शेजारच्या तालुक्यात निघून गेली असणार. आर्डिसने बाण पुन्हा दोरीला लावला, तो केवळ नीटनेटकेपणा म्हणून. घड्याळ पाहिलं. आठला खाली उतरायचं, दांडी उचलायची, जाताना झास्ट्रोकडे धनुष्य टाकायचं, असा तिने बेत केला. खोपटात कांदे होते. स्वयंपाकाला कांद्यापासून सुरुवात करता आली असती.

दहा मिनिटं झाली असतील. दलदलीकडून पाचोळा वाजला. दबकत येणाऱ्या हरणाचा आवाज तिला ठाऊक होता, हा तसा नव्हता. कुणीतरी तरातरा, रागारागाने येत होतं. झुडपं हलली आणि आठ टोकांच्या शिंगांचा एक नर बाहेर आला. मान फुगलेली, केस उभे. शिडीखाली, जिथे आवाज झाला होता, त्या जागेकडे तो रोखून पाहत होता. दोन नर तिथे शिंगं आपटून भांडतायत आणि आपल्याला बोलावलं नाही, अशा अपमानित चेहऱ्याने.

आर्डिस कधी उभी राहिली ते तिला आठवत नाही. त्याचं डोकं ओकच्या खोडामागे गेलं तेव्हा तिने दोरी ओढली. बुडबुडा मधोमध होता. पिन मात्र भिरभिरत होती, मागच्या वर्षीसारखीच, माशीसारखी. खांद्यावरून फासळ्यांवर, फासळ्यांवरून पोटावर, परत. सतरा यार्ड. पण त्याचा पुढचा पाय मागे होता, खांद्याचं हाड आड येत होतं.

पिन बरोबर जागी आली. बोट चापावर होतं. मागच्या वर्षी इथेच तिने दाबला होता. आर्डिसने दाबला नाही. पिन निघून गेली, परत आली, पुन्हा गेली. आलेखाच्या कागदावर या मिनिटाची रेघ काय झाली असती ते तिला दिसलं, आणि तिने ते बघणं सोडून दिलं. नाही जमलं तर दोरी परत न्यायची. एवढंच. दोरी परत नेता येते, बाण नाही. ती त्या पायाकडे बघत राहिली.

नराने पाय पुढे टाकला.

बाण गेला तो तिने पाहिला नाही, फक्त आवाज ऐकला. नर उसळला, दलदलीकडे धावला, झुडपांत शिरला. मग फांद्या मोडल्याचा आवाज. मग काही नाही. खारही गप्प.

अर्धा तास थांबायचं असतं. आर्डिस चाळीस मिनिटं थांबली, कारण पहिली दहा मिनिटं तिला घड्याळावरचे आकडे वाचता येत नव्हते. मग उतरली. बाण जमिनीत रुतलेला होता, त्यावर गुलाबी फेस. फुप्फुस. तिने पावलं मोजली, कारण काहीतरी मोजायला हवं होतं. अडतिसाव्या पावलाला तो आल्डरच्या झुडपाखाली पडलेला दिसला. डोळे उघडे, स्थिर. तिने बाणाच्या टोकाने डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही. मग ती त्याच्याजवळ ओल्या गवतात बसली, त्याच्या मानेवर हात ठेवून. तेवढा वेळ मात्र तिने काहीही मोजलं नाही.

वेंडेल तिथेच आला. त्याने नर पाहिला, जखम पाहिली, पावलांचं अंतर नजरेने मोजलं आणि मोठा श्वास सोडला. तोही वर्षभर काहीतरी धरून बसला होता, हे आर्डिसला तेव्हा कळलं.

"एक सांग," तो खाली बसत म्हणाला. "शिंगं कुठून आणलीस?"

"कुठली शिंगं?"

"अगं, नराला बोलवायला वाजवलीस ना सकाळी. मी ऐकलं. इतकं खरं कधी ऐकलं नव्हतं. मध्ये थांबलीस ती जागा तर लाजवाब. मीच मचाणावरून उतरून भांडायला येणार होतो."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. पृथ्वीच्या पाठीवर हे फक्त तिला आणि एका खारीला माहीत होतं. मिटून टाकता आलं असतं.

"ती शिंगं नव्हती," ती म्हणाली. "स्टॅबिलायझर होता. मागचा. हातातून पडला."

वेंडेलच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "का काढत होतीस?"

तिने सांगितलं. भाता, तोल, कानस, चकती, सगळं. सभ्यपणा वेंडेलच्या चेहऱ्यावर थोडा वेळ तग धरून राहिला, ओठ घट्ट मिटून. मग तो गेला. वेंडेल गवतात आडवा पडला आणि हसला, इतका की हरणाच्या शिंगाला धरून त्याला उठावं लागलं.

"प्रोफेसर!" तो डोळे पुसत म्हणाला. "अगं प्रोफेसर, दहा आठवडे! पाला सांगू दे. थांब, पाला मीच सांगणार. तू एक शब्द बोलायचा नाहीस."

दुपारी खोपटात लोखंडी तव्यावर लोण्यात कांदे परतत होते आणि पा काळजाचे पातळ काप करत होता. पहिल्या हरणाचं काळीज त्याच दिवशी खायचं आणि ते पानेच करायचं, असा रिवाज आहे. वेंडेलने हकीकत दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी पायऱ्या वीस झाल्या होत्या.

"आता प्रश्न असा आहे," वेंडेल टेबलावर चमचा आपटत म्हणाला, "की मचाणावरून सामान पाडणं हे चुकण्यात धरायचं का?"

"मी एकच बाण मारला," आर्डिस म्हणाली, "आणि तो लागला."

"बाणाचं कोण बोलतंय? दांडीचं बोल. दांडीचा नेम कुठे होता?"

"कुठेच नव्हता."

"ऐकलंस, पा? नेम न धरता सोडली. कबुलीजबाब."

पाने काप तव्यावर सोडले. चर्र आवाज झाला. तो हात पुसत वळला आणि आर्डिसकडे पाहिलं, कणसं सोलताना पाहिलं होतं तसंच, बराच वेळ. मग दारावरच्या आपल्या धनुष्याकडे पाहिलं.

"माझ्या बोल्टची पट्टी कुणीतरी नव्याने गुंडाळली आहे," तो म्हणाला. "मी डावीकडून गुंडाळतो. ती उजवीकडून आहे."

आर्डिस लाल झाली.

"किती भरला?"

"साडेसात औंस."

"आणि?"

"काही उपयोग नाही त्याचा, पा. गणिताने."

"हं," पा म्हणाला. "मला बरं वाटतं." मग त्याने खण उघडला, कात्री काढली आणि वेंडेलच्या हातात दिली. "काप."

आर्डिस भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने शर्ट पँटमधून बाहेर ओढला. हिरव्या चौकड्यांचा, नवा शर्ट. थंड कात्री पाठीला लागली आणि ती दचकली. "हलू नकोस, तोल जाईल," वेंडेल म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की काप वाकडा गेला. आर्डिस त्या भिंतीला नाक लावून उभी होती आणि तिचे डोळे वाहत होते. कांद्यामुळे, असं सांगायचं तिने ठरवलं होतं, पण कुणी विचारलं नाही.

तिच्या त्या बाराव्या तुकड्यावर वेंडेलने ठळक अक्षरांत लिहिलं, "आर्डिस. आठ इंची दांडी, पंधरा फुटांवरून. जमीन अचूक टिपली." आणि पाच्या आग्रहाने दांडीही शेजारी दोन खिळ्यांवर टांगली.

संध्याकाळी आर्डिसने वही काढली. तारीख टाकली. पुढची दांडी दहा इंच, मागची नाही, भाता नाही, बुडबुडा मध्यात, असं लिहिलं. मग थोडा विचार करून खाली नोंद केली, "मागची दांडी शिडीवर आपटल्यास उपयुक्त दिसते. नमुना एकच. निष्कर्ष काढण्याआधी प्रयोग पुन्हा करावा लागेल."

"काय लिहितेस गं?" वेंडेल पत्ते पिसत म्हणाला. "आणि ते मीठ इकडे फेक."

तिने फेकलं. ते त्याच्या ग्लासात पडलं.